विटेला तिचे काम परत द्या

भंडारा शहरात आज जी नवी 'अपार्टमेंट' उभी राहत आहेत, त्यांची रीत आपण सर्वांनी पाहिली आहे. आधी सिमेंटचे कॉलम, त्यांवर बीम आणि स्लॅब, मग मधल्या पोकळीत साडेचार इंची भिंत. सारा भार सांगाड्यावर. वीट केवळ आडोशापुरती! तीन-चार मजल्यांसाठीही हाच थाट कशाला? एवढी इमारत विटांच्या भिंतींवरच पेलता येते आणि आपल्या गावात ती तशीच बांधली जावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याच जिल्ह्यात, पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात दोन हजार वर्षांहून जुना विटांचा स्तूप निघाला. कुणी म्हणेल, स्तूपात बिऱ्हाडे राहत नाहीत. तर शिकागोकडे पाहावे. तेथील मोनॅडनॉक इमारतीचा १८९१ चा १६ मजली भाग विटांच्या भिंतींवरच उभा आहे. मात्र तळाशी त्या भिंती ६ फूट जाड आहेत. उंची वाढली की भिंतच जागा खाते. पण आपल्याला सोळा मजले हवेत कुणाला?

माझे वडील गवंडी आहेत. भिंतीवर भिंत, खिडकीवर खिडकी यावी, कोपऱ्याला लागून दार ठेवू नये, हे त्यांना शाळेत न जाताही पाठ आहे. दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज आला तरच ते वीट पसंत करतात. सांगाड्याच्या इमारतीत हे ज्ञान कुणी विचारत नाही. पोकळी भरा, मजुरी घ्या! अर्थात चार मजल्यांसाठी नुसत्या कानावर भिस्त ठेवून चालणार नाही; विटेची ताकद यंत्रावर तपासलीच पाहिजे आणि हिशेब इंजिनिअरनेच केला पाहिजे.

मोठा आक्षेप किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेथे माणसे जाड भिंतींखालीच गाडली गेली. पण त्या बहुतांशी मातीत रचलेल्या दगडांच्या होत्या. चांगली वीट, सिमेंटचा मसाला आणि प्रत्येक मजल्यावर चौफेर फिरणारी सळईची पट्टी असली, तर गोष्ट निराळी. ही पट्टी वगळून पैसे वाचवू पाहणाऱ्याने माझा लेख दाखवू नये.

भट्ट्या शेतातली सुपीक माती खातात, हेही खरेच. त्यावर लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली रीत आहे. वीट कडेवर उभी ठेवून भिंतीच्या पोटात पोकळी सोडायची. विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात आणि उन्हाची झळ आत उशिरा पोचते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा भंडाऱ्याच्या माणसाला याचे मोल वेगळे सांगायला नको! तळमजला भरीव ठेवून वरच्या मजल्यांना ही रीत वापरावी.

असे एखादे घर कुणी बांधायला काढले, तर ओळंबा धरायला बाबा तयार आहेत. मी त्यांना विचारून ठेवले आहे.