जुन्या नाण्यास नवा मुलामा

जुन्या चित्रपटांतील वाद्यवृंदसंगीताच्या 'निर्मळ' केलेल्या आवृत्त्यांचा हल्लीं मोठा सुळसुळाट झाला आहे. 'पूर्वीं कधीं न ऐकलेला आवाज' असा त्यांचा डांगोरा पिटला जातो, आणि रसिकहि मूळ ध्वनिमुद्रण अडगळींत टाकून नवी आवृत्ति घरीं आणतात. पूर्वीं कधीं कोणीं ऐकलाच नाहीं असा आवाज मूळ कृतीचा कसा, हा साधा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं!

वस्तुतः या एका नांवाखालीं तीन निरनिराळे व्यवहार चालतात. मूळ फितीवरील ओरखडे व खरखर काढणें हा पहिला. त्या आवाजांत कृत्रिम घुमारा अथवा खोटा स्टिरिओ घालणें हा दुसरा. आणि नव्या वादकांकडून तेंच संगीत पुन्हां वाजवून घेणें हा तिसरा. पहिल्यास आमची हरकत नाहीं. मात्र तो हात राखून व्हावा. खरखर आणि व्हायोलिनचे सूक्ष्म उपस्वर यांची वस्ती ध्वनीच्या एकाच उंच पट्ट्यांत असते; एकास झाडूं गेलें कीं दुसराहि झडतो. दुसरा व्यवहार निव्वळ भेसळीचा होय.

तिसऱ्याचे कैवारी म्हणतात, "बीथोव्हेनची सिंफनी नव्यानें वाजविली तर तुम्ही तक्रार करतां काय?" करीत नाहीं, कारण ती मैफलीसाठीं लिहिलेली आहे. चित्रपटाचें संगीत मायक्रोफोनसाठीं घडविलेलें असतें. आयझेन्स्टाइनच्या 'अलेक्झांडर नेव्हस्की' (१९३८) या चित्रपटांत ट्यूटॉनिक सरदारांचीं रणशिंगें भेसूर वाटावीं म्हणून प्रोकोफिएव्हनें तीं मुद्दाम मायक्रोफोनच्या तोंडाशीं वाजवून आवाज विकृत करण्याचा प्रयोग केला. तें ध्वनिमुद्रण एरव्हीं सदोष होतें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्यांतील दोष कोणता आणि हेतु कोणता, हें यंत्रास कसें कळावें?

हिचकॉकच्या 'व्हर्टिगो' (१९५८) चें उदाहरण तर बोलकें आहे. अमेरिकन वादकांच्या संपामुळें बर्नार्ड हेरमनचें हें संगीत म्यूर मॅथिसन यांच्या नेतृत्वाखालीं कांहीं लंडनमध्यें व कांहीं व्हिएन्नांत मुद्रित झालें. १९९६ च्या जीर्णोद्धारांत पावलांचे व इतर आवाज नव्यानें घालण्यांत आले, आणि जाणकारांनीं त्यावर झोड उठविली. ती अनाठायीं नव्हती. जीर्णोद्धार म्हणजे पडलेली भिंत उभारणें; देवाचा मुखवटा बदलणें नव्हे.

खुद्द कर्त्यानें पुन्हां ध्वनिमुद्रण केलें तर? 'सायको' (१९६०) चें संगीत हेरमननें १९७५ मध्यें स्वतः पुन्हां मुद्रित केलें. तें मूळापेक्षां संथ चालतें. पंधरा वर्षांनीं कर्त्याचाहि हात तोच राहत नाहीं, मग परक्याची कथा काय!

नव्या वादनाची थोरवी आम्ही नाकारीत नाहीं. चार्ल्स गेर्हार्ट यांनीं १९७२ पासून कोर्नगोल्ड, स्टायनर आदिकांचें संगीत लंडनमध्यें वाजवून घेतलें, आणि तें नव्या पिढीच्या कानीं पडलें. मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीनें आपल्या संग्रहांतील स्वरलिप्या टाकून दिल्यावर, जेथें कागदच उरले नाहींत तेथें विद्वानांनीं कानांनीं ऐकून त्या पुन्हां लिहिल्या, हें तर उपकारच. पण ऐकून लिहावयास आधार कशाचा होता? ज्यास आज आपण 'जुनाट' म्हणतों त्या मूळ आवाजाचाच!

एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती मागाहून घुसलेलें काढून टाकण्यासाठीं. आपली ओंवी त्यांत घालूं नये, असें त्यांनीं पुढच्यांस बजावलें. आजच्या शोधकांनीं तीच मर्यादा पाळावी. काय काढलें व काय घातलें तें वेष्टनावर स्पष्ट छापावें, आणि मूळ ध्वनिमुद्रण बाजारांतून नाहींसें करूं नये. वाचकांनीं दोन्ही आवृत्त्या अवश्य ऐकाव्या. पण घरांत एकच ठेवावयाची असेल तर मूळ ठेवावी. खरखरीची कानास आठ दिवसांत संवय होते. गमावलेला स्वर मात्र परत येत नाहीं.