आधी तीन गाड्यांचं ऑइल बदला, मग ‘घरपोच सर्व्हिस’चं कार्ड छापा



‘सर, दिंडोरीत गाड्या वाढल्यात. घरपोच ऑइल चेंज सुरू करू का?’ हा प्रश्न आता नेहमीचा झालाय. धंद्याला वाव आहे, त्यात वाद नाही. द्राक्ष-टोमॅटोचा तालुका, शेडवर पिकअप उभी, दारात कार उभी. पण माझं मत स्पष्ट आहे. पाने, बॅनर, कार्ड यावर एक रुपया घालण्याआधी तीन गाड्यांचं ऑइल आणि फिल्टर स्वतःच्या हाताने बदला. एक घरची, एक मामाची, एक मित्राची. मजुरी घेऊ नका, पण घड्याळ आणि वही जवळ ठेवा.

काम सोपं आहे, पण त्याला क्रम आहे. गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून बंद करा. ऑइल कोमट असावं, हात भाजेल इतकं गरम नको. गाडी उचलावी लागली तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. स्टँड लावा, चाकांना दगड लावा. चेंबरचा नट सोडा, ऑइल टबमध्ये पूर्ण गळू द्या. नटाचं वायसर नवीन टाका. जुना फिल्टर काढल्यावर त्याचं रबर इंजिनला चिकटून राहिलं नाही ना, ते बोट फिरवून बघा. दोन रबरं एकावर एक बसली की ऑइल बाहेर येणारच. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावा आणि फिल्टर हातानेच आवळा. नवीन ऑइल थोडं कमी भरा, इंजिन मिनिटभर चालवा, खाली गळती बघा. इंजिन बंद करून थोडं थांबा, पट्टी बघा आणि मग उरलेलं भरा.

कोणतं ऑइल, किती लिटर, किती किलोमीटरला, हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ‘सगळे हेच टाकतात’ हे उत्तर नव्हे. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असा हिशोब असतो. गाडी वॉरंटीत असेल तर मालकाला कंपनीच्या सर्व्हिसलाच पाठवा. एक गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आता वही उघडा. समजा, मजुरी ३०० रुपये धरली. दिंडोरीहून वणीला एका गाडीसाठी गेलात. जाण्यायेण्यात आणि सामान मांडण्यात दीड तास, कामाला एक तास. पेट्रोल ८०, फडकी-वायसर वगैरे ४०. हातात उरले १८०, तेही अडीच तासांचे. म्हणजे तासाला ७२ रुपये. आता त्याच फेरीत एकाच शेडवर चार गाड्या मिळाल्या तर? मजुरी १,२००, पेट्रोल तेच ८०, किरकोळ खर्च १६०. उरले ९६०, वेळ साडेपाच तास. तासाला साधारण १७५ रुपये. आकडे तुमचे वेगळे येतील, पण निष्कर्ष बदलणार नाही. पैसा फिरण्यात जातो, त्यामुळे एकेकट्या गिऱ्हाईकामागे धावू नका. द्राक्षाचा हंगाम सुरू होण्याआधी मोहाडी किंवा वणी भागातल्या एखाद्या शेडवाल्याला भेटा आणि म्हणा, ‘दादा, रविवारी येतो, तुमच्या आणि शेजारच्या चार गाड्या एकदम उरकतो.’

गिऱ्हाईक तुम्हाला कशासाठी बोलावणार, हेही या तीन गाड्यांवर कळेल. ऑइल खरंच बदललं का, नवीनच टाकलं का, ही शंका प्रत्येक मालकाच्या मनात असते. सीलबंद कॅन त्याच्यासमोर फोडा. जुना फिल्टर दाखवा. रिकामा कॅन त्यालाच द्या. किलोमीटरचा आकडा आणि पुढची तारीख लिहून चिकटवा. खर्च जवळजवळ शून्य, पण पुढच्या वर्षी फोन तुम्हालाच येईल.

शेवटचा मुद्दा, जो बहुतेकजण धरतच नाहीत. जळकं ऑइल. एका छोट्या कारमधून तीन लिटरच्या आसपास निघतं. महिन्याला चाळीस गाड्या केल्या तर १२० लिटर. ते कुठे ठेवणार? आपल्याकडे ते सेंट्रिंगच्या पाट्यांना, वाळवीसाठी खांबांना फासतात, नाहीतर सरळ नाल्यात जातं. अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते की एका गाडीचं जुनं ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडं पाणी खराब करू शकतं. वाघाड धरणाचं पाणी शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था हिशोबाने वाटतात, तो हा तालुका. इथे कुणाच्या विहिरीशेजारी ऑइल ओतून धंदा टिकणार नाही. शिवाय २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेलं ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडतं. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल विकणाऱ्या कंपन्यांवरही ते रिसायकल करवून घेण्याची जबाबदारी आली आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून झाकणाचा ड्रम ठेवा, त्यात पाणी किंवा डिझेल मिसळू देऊ नका आणि ऑइल नोंदणीकृत गोळा करणाऱ्यालाच द्या, पावती घेऊन. तोपर्यंत ड्रम ठेवायला जागा लागेल. तिचं भाडं तुमच्या ३०० रुपयांत धरलंय का?

धरलं नसेल तर दर आत्ताच बदला. एकदा गावात ३०० चा बोर्ड लागला की तो ४०० करताना गिऱ्हाईक तुटतं.

येत्या रविवारी पहिली गाडी घ्या. लागलेला वेळ, झालेला खर्च आणि ऑइल कुठे ठेवलं, या तीनच गोष्टी लिहा. तिसऱ्या गाडीनंतरही तासाचा आकडा तुम्हाला परवडत असेल, तर खुशाल कार्ड छापा.