बाळंतपणाचे विमान

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. सातव्या महिन्यात ओटी भरते, लेक आईकडे येते, दिवस भरत आले की घरात तुपात तळलेल्या डिंकाचा वास सुटतो. आता प्रसूती इस्पितळात होते हे खरे, पण खोलीच्या दाराशी आई बसलेली असते, आणि बाळाला पहिल्यांदा हातात घेणारे हात घरचे असतात. बाईच्या या दिवसांत तिच्याभोवती तिची माणसे हवीत, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही.

कॅनडाच्या अगदी उत्तरेला नुनावुट नावाचा प्रदेश आहे. तिथे नेमके उलटे घडते. दिवस भरायला तीन-चार आठवडे उरले की पोटुशी बाईला विमानात बसवतात आणि जिथे सोय असेल तिथे पाठवतात. पूर्वेकडची असेल तर प्रदेशाची राजधानी इकालुइटला, गुंतागुंत असेल तर थेट देशाच्या राजधानीला, ओटावाला. हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावरची असेल तर विनिपेगला. आणखी पश्चिमेची असेल तर यलोनाइफ किंवा एडमंटनला. ग्रीस फियोर्ड या सर्वांत उत्तरेकडच्या गावापासून इकालुइट सुमारे दीड हजार किलोमीटर आहे. तिथे रुग्णांसाठीच्या निवासात एक खाट मिळते, आणि मग वाट पाहायची. घरी आधीची दोन-तीन लेकरे असतात. त्यांना शेजारणीकडे नाहीतर बहिणीकडे सोडून ही आलेली असते. जेवण अनोळखी, बाहेरची भाषा पुष्कळदा इंग्रजी, आणि कळा कधी सुरू होतील याचा नेम नाही. सोबत एक माणूस आणायचा खर्च सरकारने प्रत्येक गर्भवतीला द्यावा, हा निर्णय व्हायला २०१७ साल उजाडले. तोवर कित्येक जणी एकट्याच बाळंत झाल्या.

नुनावुटचे क्षेत्रफळ २० लाख चौरस किलोमीटरहून थोडे जास्त, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ सातपट. माणसे ४०,००० च्या आसपास; त्यांतली बहुसंख्य इनुइट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी. वस्त्या २५, आणि एका वस्तीतून दुसरीकडे जाणारा रस्ता एकही नाही. इस्पितळ सगळ्या प्रदेशात एकच, इकालुइटला. बाकी गावांत आरोग्य केंद्रे आहेत. ती परिचारिका चालवतात. या परिचारिका बहुतेक दक्षिणेतून काही आठवड्यांच्या करारावर येतात आणि निघून जातात. गावाने एकीला ओळखावे, तिच्याशी मन मोकळे करावे, तोवर दुसरी आलेली असते.

या प्रदेशाचा कारभार पाहणारी विधानसभा इकालुइटमध्ये भरते. २२ आमदार, राजकीय पक्ष एकही नाही. आपल्यातूनच ते मुख्यमंत्री आणि मंत्री निवडतात. सभागृहातला राजदंड नारव्हाल या उत्तर ध्रुवाकडच्या देवमाशाच्या लांब, पीळदार सुळ्यापासून घडवलेला आहे. चर्चा इनुक्टिटुट या इनुइटांच्या भाषेतही होते, दुभाषे बसलेले असतात. १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुट स्थापन झाले तेव्हा इनुइटांनी पाहिलेले स्वप्न हेच होते: आपल्या भूमीचे निर्णय आपल्या भाषेत, आपल्या माणसांनी घ्यावेत. 'नुनावुट' या शब्दाचा अर्थच 'आमची भूमी'.

म्हणून या सभागृहाकडून आमची अपेक्षा मोठी आहे. आरोग्याचा विषय निघाला की तिथे पुन्हा पुन्हा प्रश्न येतात ते प्रवासाचे. विमानाची तिकिटे, रुग्णनिवासातली गर्दी, सोबतीला नाकारलेले माणूस, हवामान बिघडल्याने अडकलेले रुग्ण, आणि या खर्चाचा किती भार ओटावाने उचलायचा. प्रश्न खरे आहेत. आपल्या मतदारसंघातली बाई महिनाभर परक्या शहरात ताटकळत असताना आमदाराने हे विचारलेच पाहिजे. पण या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरली जाते, की बाईने गाव सोडायचेच. तिने का सोडायचे, हा प्रश्न मागे राहतो.

गाव सोडायला लावण्याची या लोकांना जुनी आणि कडू आठवण आहे. १९५० च्या दशकात 'सी. डी. हाउ' नावाचे सरकारी जहाज उन्हाळ्यात किनाऱ्या-किनाऱ्याने फिरत असे. जहाजावर क्ष-किरण तपासणी व्हायची. क्षय निघाला की त्या माणसाला तसेच जहाजावर ठेवून दक्षिणेकडे नेत. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बायकामुलांचा धड निरोपही घेता येत नसे. १९५६ च्या सुमारास दर सात इनुइटांमागे एक जण दक्षिणेतल्या क्षयरोग रुग्णालयात होता. अनेक परतलेच नाहीत, आणि त्यांना कुठे पुरले हेही घरच्यांना कुणी कळवले नाही. मार्च २०१९ मध्ये पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी इकालुइटला येऊन याबद्दल माफी मागितली, आणि त्या थडग्यांचा शोध घेऊन कुटुंबांना त्यांची माहिती देण्याचे काम हाती घेतले गेले. आजचे विमान आणि तेव्हाचे जहाज यांत हेतूचा फरक आहे, हे आम्ही जाणतो. पण ज्या आजीचा भाऊ त्या जहाजातून गेला, तिची नात आज विमानाच्या पायऱ्या चढते तेव्हा आजीच्या पोटात काय होत असेल, हे ओटावाच्या कार्यालयात बसून कळणार नाही. इकालुइटच्या सभागृहाला मात्र कळते.

प्रदेशाचा बहुतांश पैसा संघसरकारकडून येतो, आणि ओटावाने हात आखडला की काय होते हे नुनावुटने नुकतेच भोगले आहे. इनुइट मुलांसाठीच्या संघीय योजनेतून गावोगाव अन्नाची कूपने मिळत होती. दर मुलामागे महिन्याला ५०० डॉलर, आणि चार वर्षांखालच्या लेकराच्या लंगोटांसाठी आणखी २५०. दूध, फळे, भाजी विमानाने येते आणि दक्षिणेच्या कित्येक पट महाग विकली जाते, तिथे हा आधार केवढा असेल! ३१ मार्च २०२५ रोजी ही कूपने बंद झाली. पोटभर जेवणारी आई ही सुखरूप बाळंतपणाची पहिली अट आहे, एवढे तरी ओटावाने ध्यानात ठेवायला हवे होते.

पण पैशाची वाट न पाहता जे घडू शकते, त्याचा दाखला फार दूर नाही. हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर, क्यूबेक प्रांताच्या उत्तर भागात, पुविर्निटुक नावाचे इनुइट गाव आहे. तिथल्याही बायकांना बाळंतपणासाठी दक्षिणेला नेत. त्या बायकाच उभ्या राहिल्या, आणि १९८६ साली गावात प्रसूतिकेंद्र सुरू झाले. दक्षिणेतून आलेल्या सुईणींनी गावच्याच बायकांना हाताशी धरून शिकवले. पुढे इनुकजुआक आणि सालुइट या गावांतही केंद्रे निघाली. आज त्या किनाऱ्यावरच्या शंभरातल्या ऐंशीहून अधिक बाळंतपणे तिथेच होतात. पुविर्निटुकला पोट फाडून मूल काढण्याची सोय नाही. म्हणून दिवस भरायच्या बरेच आधी सुईणी, डॉक्टर आणि परिचारिका एकत्र बसून प्रत्येक बाईचा विचार करतात. धोका दिसेल तिलाच पुढे पाठवतात. लहान गावात बाळंतपण म्हणजे जिवाशी खेळ, असे म्हणणाऱ्या वैद्यकांची काळजी आम्ही खोटी मानत नाही. पण त्या काळजीला जवळजवळ चाळीस वर्षांच्या अनुभवाने उत्तर दिले आहे.

तिथे आणखी एक गोष्ट परत आली. इनुइटांमध्ये बाळाची नाळ कापणारी व्यक्ती 'सनाजिक' होते, आणि हे नाते जन्मभराचे असते. मुलगा मोठा होऊन पहिली शिकार करतो, तेव्हा ती तिला नेऊन देतो. ओटावाच्या इस्पितळात पाळीवर असलेल्या अनोळखी डॉक्टरने नाळ कापली, तर ती पहिली शिकार कुणाच्या दारी न्यायची?

आपल्याला हे परके वाटू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, त्यांना 'आरोग्यदूत' म्हटले, आणि त्या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते काम छापले. त्याच जिल्ह्यात सरकारने आरोग्य केंद्रांच्या आवारात 'माहेरघरे' बांधली, की दुर्गम पाड्यातल्या बाईने आपले माणूस आणि लहानगे सोबत घेऊन चार दिवस आधी यावे. नाव ठेवणाऱ्याला बाईच्या मनातले नेमके कळले होते.

नुनावुटमध्ये वर्षाला आठशेच्या आसपास मुले जन्मतात. कॅनडातला हा सर्वांत तरुण प्रदेश आहे. रँकिन इनलेट या गावी १९९३ साली प्रसूतिकेंद्र सुरू झाले, पण सुईणींच्या तुटवड्यामुळे त्याचे काम वारंवार अडखळत आले आहे. सुईणी दक्षिणेतून मागवायच्या, त्या गेल्या की केंद्र थंड, हे किती वर्षे चालायचे? सुईणी गावात घडवाव्या लागतात. त्यांचे शिक्षण इनुक्टिटुटमध्ये, त्यांच्याच गावात, पगारासह व्हायला हवे, आणि त्यासाठी विधानसभेने अर्थसंकल्पात स्वतंत्र, दर वर्षी चालू राहील अशी तरतूद केली पाहिजे. विमानाच्या तिकिटांसाठी पैसा निघतो, तर याच्यासाठीही निघेल.

रँकिन इनलेट आणि पुविर्निटुक एकाच हडसन उपसागराच्या दोन काठांवर आहेत. आरोग्याच्या पुढच्या चर्चेआधी नुनावुटच्या आमदारांनी पलीकडच्या काठावर जावे, त्या सुईणींजवळ दोन दिवस बसावे, आणि मग सभागृहात बोलावे.