विश्लेषण : प्रश्न आधीच हातात, तरी परीक्षा अवघड! कॅथलिक धर्मशास्त्राच्या तोंडी परीक्षेची तयारी कशी होते?

पेपर फुटला की परीक्षा रद्द होते, हे आपल्याकडे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. कॅथलिक धर्मशास्त्राच्या अनेक संस्थांमध्ये मात्र पदवीच्या शेवटच्या परीक्षेचे विषय संस्थाच आधी छापून विद्यार्थ्यांच्या हाती देते. कोणते विधान विचारले जाऊ शकते, त्यासाठी कोणते ग्रंथ वाचायचे, सगळे जाहीर. तरीही परीक्षेआधीचे काही आठवडे विद्यार्थी रात्रीचा दिवस करतात आणि परीक्षकांसमोर बसल्यावर भल्याभल्यांची बोबडी वळते. असे का होते? आणि पुण्यात शिकून वसईत किंवा अहिल्यानगरमध्ये मराठीतून काम करणाऱ्या धर्मगुरूसाठी ही तयारी पुरेशी आहे का?

ही परीक्षा नेमकी कशाची?

‘धर्मशास्त्र’ म्हटले की मराठी वाचकाला आधी पां. वा. काणे आठवतात. इथे विषय वेगळा आहे. बायबल, चर्चचा इतिहास, ख्रिस्ताविषयीची शिकवण, संस्कारविधी, नीतिशास्त्र, चर्चचा कायदा अशा अनेक विषयांचा हा अभ्यासक्रम आहे. व्हॅटिकनच्या मान्यतेने चालणाऱ्या विद्यापीठांना पोप फ्रान्सिस यांच्या ‘व्हेरिटाटिस गाउदियुम’ या डिसेंबर २०१७च्या फर्मानाचे नियम लागू आहेत. त्याआधी १९७९चे नियम होते. शिक्षणाचे तीन टप्पे असतात. पहिला टप्पा पाच वर्षांचा. तत्त्वज्ञानाची दोन वर्षे आधीच झाली असतील तर तीन वर्षांचा. त्याची पदवी बॅकलॉरिएट. त्यानंतर दोन वर्षांचे लायसेन्शिएट आणि शेवटी डॉक्टरेट. विषयवार परीक्षा होतातच, पण पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी साऱ्या अभ्यासक्रमावर मिळून एक सर्वंकष परीक्षा किंवा तिच्या तोडीची चाचणी द्यावी लागते. ती बहुतेकदा तोंडी असते, किंवा तिचा एक भाग तरी तोंडी असतो.

महाराष्ट्रात याचे मोठे केंद्र पुण्यात नगर रस्त्यावर आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९३मध्ये श्रीलंकेतल्या कँडी इथे सुरू केलेली पेपल सेमिनरी १९५५मध्ये पुण्यात आली. तिथले विद्यार्थी शेजारच्या ज्ञानदीप विद्यापीठात शिकतात. देशभरातून मुले येतात, त्यामुळे शिक्षणाचे माध्यम इंग्रजी.

दुसऱ्या टप्प्याच्या पदवीला चर्चमध्ये मोठे वजन आहे. चर्चच्या कायद्यानुसार सेमिनरीत हे विषय शिकवायचे तर डॉक्टरेट किंवा लायसेन्शिएट लागते. बिशप नेमतानाही उमेदवाराकडे यांपैकी एखादी पदवी आहे का, निदान त्या विषयात तो खरोखर तज्ज्ञ आहे का, हे पाहिले जाते.

यादी हातात असताना अवघड काय?

यादीत असतात ती प्रमेये. ‘थीसिस’ हा शब्द इथे प्रबंध या अर्थाने येत नाही. मांडून, आधार देऊन आणि आक्षेपांना उत्तर देऊन दाखवायचे एक विधान, असा त्याचा अर्थ. काही वर्षे हे विषय वेगवेगळ्या प्राध्यापकांनी, वेगवेगळ्या सत्रांत शिकवलेले असतात. विद्यार्थ्याच्या डोक्यातही ते वेगवेगळ्या फाइलींत पडलेले असतात. परीक्षक नेमके दोन फाइलींच्या मधले विचारतात. ‘बाप्तिस्म्याबद्दल तुम्ही आता जे बोललात, ते मूळ पापाच्या तुमच्या मांडणीशी कसे जुळते?’ या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका विषयाच्या वहीत नसते.

इंजिनीअरिंगच्या व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक सर्किटमधला एकच रेझिस्टर काढून ‘आता काय होईल?’ म्हणतात, तसाच हा प्रकार. पाठांतर पहिल्या उत्तरापर्यंत साथ देते. उपप्रश्नाला ते कामाचे नसते.

एक प्रमेय कसे तयार करतात?

भारतातल्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळून भिडणारे प्रमेय घेऊ : चर्चबाहेर तारण आहे का?

सुरुवात बायबलपासून. पौलाच्या नावाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, दोन ओळी सलग येतात. सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे, असे एक सांगते. देव आणि माणूस यांच्यातला मध्यस्थ एकच, असे दुसरी सांगते. सगळा पेच या दोन ओळींच्या मध्ये आहे. एकच ओळ धरून बसणारा विद्यार्थी इथेच गुण गमावतो.

मग येतो तिसऱ्या शतकातला कार्थेजचा बिशप सिप्रियन. चर्चबाहेर तारण नाही, हे प्रसिद्ध वचन त्याच्या पत्रातून आले. पण तो कोणाशी भांडत होता? इतर धर्मीयांशी नव्हे. चर्चमधून फुटून निघालेल्या गटांनी दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य धरायचा का, हा त्याच्यापुढचा वाद होता. हा संदर्भ माहीत नसेल तर पुढचे सगळे चुकते. १४४२मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने तेच वचन फार कठोर केले आणि त्यात ज्यू व इतर धर्मीयांनाही ओढले. १८६३मध्ये पोप पायस नववे यांनी उलट बाजू मांडली : स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ती धर्माची ओळखच झाली नाही, त्यांना देव त्यासाठी शिक्षा करत नाही.

अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये लेनर्ड फीनी या येशूसंघीय धर्मगुरूने विसाव्या शतकात जुने वचन अक्षरशः लावायला सुरुवात केली. १९४९मध्ये रोमने पत्र पाठवून त्याचा अर्थ नाकारला आणि १९५३मध्ये, बोलावूनही तो रोमला न गेल्याने, त्याला बहिष्कृत केले. ‘चर्चबाहेर तारण नाही’ असे ठासून सांगणाराच चर्चबाहेर गेला! परीक्षेच्या ताणात विद्यार्थ्यांना हा भाग हमखास लक्षात राहतो. (१९७२मध्ये समेट झाला, हे मात्र अनेकजण विसरतात.)

पुढे दुसरी व्हॅटिकन परिषद. १९६४च्या ‘लुमेन जेन्शियुम’चा सोळावा परिच्छेद आणि १९६५चे ‘नोस्त्रा एताते’. इतर धर्मांत जे खरे आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, ही भूमिका तिथे अधिकृत झाली. मग पुढचा प्रश्न उरतो : त्या धर्मांतल्या माणसाचे तारण त्याच्या धर्मामुळे होते, की धर्म काहीही असला तरी होते? बेल्जियमचे जाक द्युप्वी तीन दशकांहून अधिक काळ भारतात होते, कुर्सियाँग आणि दिल्लीत शिकवत होते. पुढे रोमला गेल्यावर त्यांनी १९९७मध्ये या प्रश्नावर मोठा ग्रंथ लिहिला. व्हॅटिकनने चौकशी केली. २००१मध्ये निवेदन काढून ग्रंथात गंभीर संदिग्धता असल्याचे सांगितले, पण त्यांना शिक्षा केली नाही.

एवढे सांगायला परीक्षेत मिळतात मोजकी मिनिटे. म्हणून खरी तयारी गाळण्याची असते. काय सोडायचे हे ज्याला कळले, त्याला विषय कळला.

आणि हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. वसईतल्या किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मुलाच्या शेजारच्या घरात गणपती बसतो, त्याचे मित्र आषाढीला पंढरपूरला चालत जातात. परीक्षकांसमोर तो जे बोलेल ते त्याच्या मित्रांबद्दलही असते. सिप्रियनपाशी थांबलेले उत्तर त्याला परवडणारे नाही. ‘सगळे धर्म सारखेच’ म्हणूनही त्याची सुटका होत नाही, कारण त्या उत्तरात पौलाची दुसरी ओळ गळते.

‘हे कोण म्हणते?’

परीक्षकांचा आवडता उपप्रश्न हाच. धर्मपरिषदेने एकमताने ठरवलेला सिद्धांत, पोपचे परिपत्रक, एखाद्या संताचे मत आणि एखाद्या प्राध्यापकाचा तर्क यांचे वजन सारखे नसते. कोणते विधान किती बंधनकारक आहे, हे सांगता आले पाहिजे. यासाठी विद्यार्थ्यांच्या टेबलावर डेन्झिंगरचा संग्रह असतो. हाइनरिश डेन्झिंगर यांनी १८५४मध्ये पहिल्यांदा काढलेल्या या जाडजूड ग्रंथात चर्चची अधिकृत विधाने कालक्रमाने, क्रमांक घालून दिली आहेत. वकील कलमे सांगतात तसे विद्यार्थी हे क्रमांक सांगतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर पुढे ढकलण्याआधी आपल्यापैकी कितीजण ‘हे कोण म्हणते?’ विचारतात, हा वेगळा विषय.

भाषांचा भारही आहे. मूळ दस्तऐवज वाचता येतील इतकी लॅटिन नियमानेच लागते. बायबलमध्ये पुढे शिकणाऱ्याला हिब्रू आणि ग्रीक चुकत नाही.

एआयच्या जमान्यात काय?

कोणत्याही प्रमेयाचा नीटनेटका सारांश आता अर्ध्या मिनिटात मिळतो. त्यातला डेन्झिंगरचा क्रमांक चुकीचा किंवा चक्क कपोलकल्पित असू शकतो, ही एक अडचण. त्याहून मोठी अडचण ही की सारांश कोणी वाद घातल्याशिवाय तयार झालेला असतो. जुनी पद्धत नेमकी उलटी आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिए’ लिहिताना प्रत्येक मुद्द्याची सुरुवात स्वतःच्या मताविरुद्धच्या आक्षेपांनी केली. आधी आक्षेप, मग विरुद्ध बाजूचा आधार, मग आपले उत्तर आणि शेवटी एकेका आक्षेपाचा समाचार. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेतला पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष आठवावा. एकाने मांडायचे आणि दुसऱ्याने दुष्टपणे विचारायचे, अशी जोडी जमवून केलेल्या तयारीला म्हणूनच अजून पर्याय नाही. हजेरी, असाइनमेंट आणि अंतर्गत गुणांच्या काळात ही तोंडी परीक्षा जुनाट वाटू शकते. पण ती लेखी किंवा ऑनलाइन करून सोपी करण्याचा मोह संस्थांनी टाळावा. समोरच्या माणसाच्या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर देणे, हेच तर या विद्यार्थ्याचे पुढचे आयुष्यभराचे काम आहे.

पदवीचे पुढे काय?

ही पदवी व्हॅटिकनच्या अधिकारात दिली जाते. सरकारी नोकरीच्या अर्जात तिचा फारसा उपयोग नाही. धर्मगुरू होणाऱ्याची जबाबदारी त्याचा धर्मप्रांत किंवा संघ घेतो. नियमांनुसार या विद्यापीठांची दारे सामान्य स्त्री-पुरुषांनाही खुली आहेत, पण इतकी वर्षे घालवून पदवी घेतलेल्या गृहस्थाश्रमी व्यक्तीसाठी नेमके कोणते काम आणि किती पगार, याचे ठरलेले उत्तर नाही. दार उघडे ठेवून आत खुर्ची न ठेवण्यासारखे आहे हे.

यात मराठी कुठे आहे?

डिसेंबर १९६३मध्ये व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला जागा दिली आणि पुढे मिस्सा मराठीत आली. परीक्षा मात्र इंग्रजीतच राहिली. इंग्रजीत उत्तम गुण मिळवलेला तरुण वसईच्या चर्चमध्ये प्रवचनाला उभा राहतो तेव्हा त्याची खरी तोंडी परीक्षा सुरू होते.

कारण शब्द. इ. स. ४५१च्या खाल्सेदोन परिषदेने ख्रिस्ताबद्दल सांगितले : व्यक्ती एक, ‘नेचर’ दोन. आता ‘नेचर’ला मराठीत ‘स्वभाव’ म्हणावे तर ऐकणाऱ्याला तापट किंवा शांत स्वभाव आठवतो आणि दोन स्वभावांचा माणूस म्हणजे दुटप्पी वाटतो. ‘प्रकृती’ म्हणावे तर तब्येतीची चौकशी होते. देव माणूस झाला याला ‘अवतार’ म्हणावे, तर अवतार एकच नसतात. शिवाय ‘काय अवतार केलायस!’ हे घराघरात ऐकू येते. म्हणून ‘देहधारणा’ म्हणतात, पण तो शब्द बाजारात कोणी वापरत नाही. ही नुसती भाषांतराची कटकट म्हणता येणार नाही. यातला कोणता शब्द निवडला आणि का, हे ज्याला सांगता येते त्याला खाल्सेदोन समजले.

हा प्रयत्न नवा नाही. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६मध्ये छापले गेले. जवळजवळ ११ हजार मराठी ओव्यांत त्यांनी बायबलची कथा सांगितली आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरण्याचे धाडस केले. अगदी अलीकडे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले आणि २०२०मध्ये ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

पुण्याच्या पदवी परीक्षेत मराठी आणा, ही मागणी व्यवहार्य नाही. वर्गात मल्याळी, तमिळ, ओडिया, मिझो मुले बसतात आणि परीक्षकही तितक्याच ठिकाणांहून आलेले असतात. केंद्रीय लोकसेवा आयोग मुख्य परीक्षेची बहुतेक उत्तरे मराठीत लिहू देतो, कारण त्याच्याकडे ती तपासायला माणसे आहेत.

पण आणखी एक परीक्षा आहे. चर्चच्या कायद्याच्या ९७०व्या कलमानुसार पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार देण्याआधी नव्या धर्मगुरूची पात्रता परीक्षा घेऊन किंवा अन्य मार्गाने तपासावी लागते. ती घ्यायची कशी, हे धर्मप्रांताच्या हातात आहे. वसई धर्मप्रांत १९९८मध्ये मुंबईपासून वेगळा झाला आणि तिथले बहुतेक भाविक मराठीतच बोलतात, मराठीतच चुका कबूल करतात. तिथे परीक्षक मंडळाने एखादे प्रमेय मराठीतून मांडायला सांगावे, लॅटिन शब्दाला मराठी शब्द विचारावा आणि मग तोच जुना उपप्रश्न टाकावा : हाच शब्द का? त्यासाठी रोमची परवानगी लागत नाही. मराठीत विचारणारे दोन-तीन परीक्षक आणि एक सकाळ पुरेशी आहे.