निसर्ग कोणाचा, कविता कोणाची?

'कवयित्री, स्त्री-चित्रकार आणि निसर्ग' अशा धर्तीच्या विषयांवर नांदेड-लातूरच्या सभागृहांतून परिसंवाद, काव्यवाचने आणि चित्रप्रदर्शने भरतात. हे स्वागतार्ह आहे, यात वाद नाही. १८७८ ते २०२५ या काळात भरलेल्या ९८ अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनांपैकी अवघ्या सहांचे अध्यक्षपद स्त्रियांच्या वाट्याला आले. नांदेडच्या १९८५ च्या आणि उदगीरच्या २०२२ च्या संमेलनांतही ते पुरुषांकडेच होते. दारे इतकी अरुंद असताना स्त्रियांनी ती ढकलून आत यावे, हा विजयच होय. प्रश्न आहे तो पुढचा. आत आल्यावर ज्या निसर्गाचे गुणगान होते, तो निसर्ग कोणाचा?

या कार्यक्रमांतील निसर्ग हा बहुधा पाहण्याचा विषय असतो. गोदावरीचा घाट, बालाघाटची रांग, पावसानंतरची काळी जमीन. आणि मग ठरलेली उपमा येते : स्त्री म्हणजे धरित्री, सोशिक आणि सर्जनशील. ही उपमा गोड आहे, म्हणूनच घातक आहे. धरित्री मजुरी मागत नाही, धरित्री मोर्चा काढीत नाही, धरित्रीचे नाव सातबाऱ्यावर मालक म्हणून कधीच लागत नाही. ज्या व्यवस्थेला स्त्रीने फुकट राबावे असे वाटते, तिला याहून सोयीची कविता कोणती?

वास्तविक मराठवाड्याचे आजचे भूदृश्य ही केवळ निसर्गाची करणी नव्हे. १९७२ च्या दुष्काळात याच भागातील हजारो स्त्रिया दुष्काळी कामांवर होत्या. त्यांनी खडी फोडली, मातीची घमेली वाहिली, पाझर तलाव आणि नालाबांध घातले, रस्ते उभे केले. त्यांच्या आणि त्यांच्यासारख्या कष्टकऱ्यांच्या घामातूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा आला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. आज एखाद्या तलावाच्या काठी चित्रकार कॅनव्हास मांडतो, तेव्हा पाण्यातले सूर्यबिंब त्याला दिसते. बांधावरची माती कोणाच्या डोक्यावरून आली, हे दिसत नाही. या भूदृश्याच्या खऱ्या शिल्पकार स्त्रियाच आहेत. पण प्रदर्शनाच्या पुस्तिकेत त्यांचा उल्लेख नसतो.

जे डोळ्यांना सुंदर दिसते, त्याची किंमत कोण मोजतो हेही विचारले पाहिजे. चित्रात शोभणाऱ्या दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड माळवदे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात हजारो माणसांवर कोसळली. २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि पाणवठ्यांभोवती जमावबंदी पुकारावी लागली. त्या रांगांतील घागरी प्रामुख्याने स्त्रियांच्याच होत्या. पाऊस कमी पडला हे खरे. पण मांजरेच्या खोऱ्यात उसाने किती पाणी प्यायले, हा प्रश्न निसर्गाचा नसून सत्तेचा आहे. निसर्गकवितेच्या परिसंवादात तो उपस्थित होत नसेल, तर तो परिसंवाद अपुरा आहे.

कवयित्रींचा वारसा सांगताना गंगाखेडच्या जनाबाईचे नाव आदराने घेतले जाते. परंतु जनाबाई ही दासी होती. दळण, कांडण, झाडलोट हाच तिच्या अभंगांचा परिसर होता. तिच्या खऱ्या वारसदार कोण? हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या गावोगावी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्या रचणाऱ्या-गाणाऱ्या स्त्रियांना आपली साहित्यसृष्टी 'कवयित्री' म्हणत नाही, 'लोकसाहित्य' म्हणते. लिहिणारी ती कवयित्री, गाणारी ती 'लोक'. रंगवणारी ती कलावंत आणि किनवट-माहूरच्या तांड्यावर आरसे टाकून भरतकाम करणारी बंजारा स्त्री मात्र 'हस्तकला'. ही विभागणी सौंदर्यशास्त्राची नव्हे, वर्गाची आणि जातीची आहे.

यावर आक्षेप येईल की कलेला मजुरीच्या हिशेबाने मोजू नये, कवयित्रीला पावसाच्या सरीवर लिहिण्याचे स्वातंत्र्य हवे. ते हवेच. परंतु तेच स्वातंत्र्य पाणी भरणाऱ्या बाईलाही हवे, आणि त्यासाठी तिला आधी फुरसत हवी, हातात पैसा हवा, पायाखाली स्वतःची जमीन हवी. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. प्रत्यक्षात गावोगावी बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात आणि माहेर तुटू नये म्हणून त्या करतात.

तेव्हा संयोजकांनी ओवी गाणारीला व्यासपीठावर तिच्या नावाने बोलवावे, निमंत्रित कवयित्रीइतकेच मानधन द्यावे आणि पाणी, मजुरी व जमीन हे विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावेत. स्त्री-चळवळीने आणि शेतमजूर संघटनांनी तलाठी कार्यालयासमोर सातबाऱ्यावरील नावाचा प्रश्न लावून धरावा. या दोन कामांची फारकत झाली की संस्कृती अभिजनांची करमणूक होते. नांदेड-लातूरच्या कष्टकरी स्त्रियांना स्तुती पुष्कळ मिळाली आहे. आता त्यांना त्यांचा वाटा मिळाला पाहिजे.