गोणीला गोणी लावणारी दोस्ती

अमेरिकी विद्यापीठात नवखा विद्यार्थी फ्रॅटर्निटीत किंवा सोरोरिटीत, म्हणजे मुलांच्या किंवा मुलींच्या विद्यार्थी-मंडळात, शिरतो आणि घरापासून दूर त्याला हक्काची माणसं मिळतात. रत्नागिरीत हे काम राष्ट्रीय सेवा योजना करते. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ती देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षं, दरवर्षी १२० तास काम, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर.

खरी जवळीक जुळते ती शिबिरात. कोकणात धो-धो पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून पावसाळा सरला की पऱ्ह्यावर, म्हणजे छोट्या ओढ्यावर, वनराई बंधारा घालायचा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंडं शिवायची, रांग करून हातोहात पुढे द्यायच्या आणि सांधे चुकवत थर रचायचे. रांगेत एकाचा हात सुटला की सगळे अडतात. लांज्याहून एसटीने येणारी लाजरी मुलगी इथे तिसऱ्या दिवशी हुकूम सोडायला लागते!

काही जण फक्त वाढीव गुणांसाठी नाव घालतात. घालू देत. गोणी उचलताना कोण कशासाठी आलं, हे कुणी विचारत नाही.

‘अभ्यास बुडेल’ म्हणून मुलींना शिबिराला न धाडणाऱ्या पालकांनी मात्र एक दिवस तिथे जाऊन यावं. आणि महाविद्यालयांनी तास कागदावर भरून घेण्याची सवय तातडीने मोडावी. त्यात विद्यार्थ्याची ही दोस्तीच हिरावली जाते.