कारण आणि समर्थन

महाकाव्यातील प्रतिपक्षाची बाजू मांडणाऱ्या साहित्यकृतीवर वाचकांचे एकमत क्वचितच होते. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय' कादंबरीत कर्ण आपली कहाणी स्वतः सांगतो. दुर्योधनालाही तेथे निवेदनाचा अधिकार मिळतो. असंख्य वाचकांनी या कर्णाला आपलेसे केले. काहींना मात्र हे उदात्तीकरण वाटले. द्यूतसभेत द्रौपदीला हीन शब्दांनी संबोधणारा कर्ण या सहानुभूतीत झाकोळतो, असा त्यांचा आक्षेप. त्याच वर्षीच्या 'युगान्त'मध्ये इरावती कर्वे यांनी कर्णाच्या उणिवा परखडपणे दाखविल्या आहेत.

स्वयंवरात द्रौपदीने 'सूतपुत्र' म्हणून नाकारल्याचा सल कर्णाच्या त्या वर्तनामागे होता, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने तो प्रसंग मूळ संहितेत स्वीकारलेला नाही. कारणे कल्पिण्याचे स्वातंत्र्य कादंबरीकाराला अवश्य आहे. पण कारण म्हणजे समर्थन नव्हे. जन्मतःच नदीत सोडलेल्या बालकाविषयी करुणा वाटावी आणि सभेतील त्या पुरुषाला जाबही विचारावा. या दोन्ही प्रतिक्रिया एकाच वाचकाच्या मनात नांदू शकतात; किंबहुना, नांदाव्यात.